बर्फाचा डबा ते बेंच : फुटबॉलमधल्या ‘छोट्या सरां’ची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवर लीगची मॅच बघायला गेलात, तर टचलाइनच्या बाहेर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक ओरडणारा आणि एक न ओरडणारा. दुसऱ्याच्या पायाशी बर्फाचा डबा असतो, खांद्यावर बॉलची जाळी आणि खिशात स्प्रे. पोरं पहिल्याला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, ‘सर’ म्हणतात, आणि दुसऱ्याला, म्हणजे त्याच्या सहायकाला, ‘छोटे सर’. टीम जिंकली की फोटोत मधोमध सर असतात. छोटे सर बहुतेक वेळा तो फोटो काढत असतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नागपुरातही मग नेहमीचाच वाद रंगला : कोच देशी हवा की परदेशी? दोन-तीन दिवस हेच चाललं. छोट्या सरांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. खचलेला राष्ट्रीय संघ उभा राहतो तेव्हा त्यात या दुसऱ्या माणसाचा हात किती असतो, आणि मुळात तो बेंचवर येऊन बसला कसा, यावरचं हे टिपण.

फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक असं पद पूर्वी नव्हतंच. होता तो ट्रेनर. बादली, गार पाण्यात भिजवलेला स्पंज आणि जोरात पळता येईल असे पाय, एवढं त्याचं भांडवल. खेळाडू पडला की हा धावत आत जायचा, स्पंज पिळायचा, कानात दोन शब्द सांगायचा आणि बाहेर यायचा. ते दोन शब्द महत्त्वाचे, कारण बाहेरून सूचना देणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. बेंचपुढची ती आखलेली चौकट, म्हणजे टेक्निकल एरिया, नियमांत आली १९९३ मध्ये. तोवर मैदानात पाऊल टाकून खेळाडूशी बोलता येणारा बेंचवरचा माणूस म्हणजे हा स्पंजवाला.

१९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडने जिंकला तेव्हा मॅनेजर अल्फ रॅमसी यांच्या शेजारी हॅरॉल्ड शेफर्डसन बसले होते. हेही ट्रेनरच. शेवटच्या क्षणी जेफ हर्स्टने चौथा गोल मारला, शेफर्डसन आनंदाने उठून उभे राहिले आणि रॅमसींनी त्यांना खाली बसायला सांगितलं. हा किस्सा इंग्लंडमध्ये अजून सांगतात. सुवर्णपदकं त्या दिवशी मिळाली ती फक्त मैदानावरच्या ११ जणांना. राखीव खेळाडू, शेफर्डसन आणि दुसरे ट्रेनर लेस कॉकर यांच्या वाट्याची पदकं फिफाने दिली ती थेट २००९ मध्ये. तेव्हा हे दोघंही हयात नव्हते.

ब्राझीलचा मारिओ अमेरिको तर मालिशवाला. १९५० ते १९७४ असे सलग ७ वर्ल्ड कप त्याने संघासोबत काढले. प्रशिक्षक आले नि गेले, पेले आला, तीनदा जगज्जेता झाला आणि निवृत्तही झाला, पण मालिशच्या टेबलामागचा माणूस तोच. १९५८ ची फायनल संपल्यावर रेफ्रीच्या हातातला बॉल पळवून आणला तोही यानेच, अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून. त्याच वर्षी ब्राझीलने संघासोबत एक मानसशास्त्रज्ञही नेला होता. त्याने चाचण्या घेतल्या आणि १७ वर्षांचा पेले अजून पोरकट आहे, याला खेळवू नका, असा सल्ला दिला. प्रशिक्षक फिओला यांनी तो कानाआड केला म्हणून बरं. मला यात एक गंमत वाटते. खेळाडू प्रश्नावलीला जे सांगत नाही, ते पोटरी चोळणाऱ्याला सांगतो.

सगळ्याची मेख तिथेच आहे. वर्ल्ड कपला पूर्वी २२ जणांचा संघ जायचा, मग २३ चा झाला, २०२२ मध्ये २६ चा. मैदानात उतरतात ११. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं आपापल्या क्लबात हिरो असूनही इथे जॅकेट घालून बसतात. संघ खचतो तो बहुधा या रांगेतून, जेवणाच्या टेबलावरच्या कुजबुजीतून. मुख्य प्रशिक्षक तिथे जाऊन बसला की टेबल गप्प होतं, कारण उद्याची यादी त्याच्या खिशात आहे. सहायकाच्या खिशात यादी नसते. त्याला ‘सर, माझं काय चुकलं?’ असं विचारता येतं.

पण हाच माणूस आतली गोष्ट वर पोचवतोय असा वास एकदा आला, की संपलं. नागपुरी भाषेत सांगायचं तर ‘हा सरचा माणूस आहे, याच्यासमोर बोलू नको बे.’ काय वर सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे ज्याला कळतं तोच टिकतो. कोणत्याही लायसन्सच्या कोर्समध्ये हे शिकवता येत असेल असं मला वाटत नाही.

जर्मनीने या जागेची परंपराच केली. हेल्मुट शोन आधी सेप हेरबेर्गर यांचे सहायक होते, मग मुख्य झाले आणि १९७४ चा वर्ल्ड कप जिंकले. त्यांचे सहायक युप डेरवाल यांनी १९८० चा युरो जिंकला. योआखिम लोव २००४ ते २००६ युर्गेन क्लिन्समान यांच्या हाताखाली होते, २०१४ मध्ये जगज्जेते झाले. खेळाडू ज्या माणसाशी आधीपासून मोकळेपणाने बोलतात तोच पुढे सर होतो, त्यामुळे नव्याने ओळख करून घेण्यात दोन वर्षं जात नाहीत.

मनोबलाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. २००२ चा वर्ल्ड कप घरच्या मैदानावर होता, आणि त्याआधीच्या एकाही वर्ल्ड कपात कोरियाने एकही सामना जिंकला नव्हता. गुस हिडिंक हे डच प्रशिक्षक आले. त्यांना दिसलं की वयाने लहान खेळाडू मोठ्याला नावाने हाक मारत नाही. कोरियन भाषेत थोरल्या भावासाठीचा शब्द आहे ‘ह्यंग’, आपल्या ‘दादा’सारखा. आता आपल्याला यात नवल काय? इथेही सतरा वर्षांचा पोरगा सीनियरला ‘दादा, जरा इकडे द्या ना’ म्हणेपर्यंत डिफेंडर बॉल घेऊन पसार झालेला असतो. हिडिंक यांनी मैदानावर ‘ह्यंग’ बंद केलं, नावाने हाक मारायला लावली. बाहेरून आलेल्या माणसाला ते सोपं होतं. सीनियरच्या मनाला काय वाटेल याची झळ त्याला लागत नव्हती.

ती झळ सोसायला पार्क हांग-सो होते, हिडिंक यांचे कोरियन सहायक. डच सरांचं बोलणं दुभाष्याकडून शब्दाला शब्द यायचं, पण त्यामागचा भाव खेळाडूंच्या ओळखीच्या बोलीत, त्यांच्या रीतीभातीत सांगायला आपलं माणूस लागतं. ४ जून २००२ ला बुसानमध्ये पोलंडविरुद्ध ह्वांग सन-होंगने २६ व्या मिनिटाला गोल मारला. हा ह्वांग १९९८ च्या वर्ल्ड कपाला संघात असूनही दुखापतीमुळे एक मिनिटही खेळू शकला नव्हता. गोल मारून तो बेंचकडे धावला आणि मिठी मारली ती हिडिंक यांना नाही, पार्क यांना. कोरियाने ती मॅच २-० अशी जिंकली आणि पुढे थेट उपांत्य फेरी गाठली.

पार्क यांची पुढची गोष्टही याच धाग्याची आहे. त्याच वर्षी त्यांना आशियाई स्पर्धेच्या संघाचं मुख्यपद मिळालं, कांस्यपदक आलं आणि तेवढ्यावर नोकरी गेली. २०१७ मध्ये ते व्हिएतनामला गेले. २०१८ मध्ये २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत उपविजेतेपद, त्याच डिसेंबरात दहा वर्षांनी आग्नेय आशियाचं विजेतेपद. मुख्य प्रशिक्षक असतानाही ते खेळाडूचे पाय चोळताना व्हिडिओत दिसले, आणि विमानातली बिझनेस क्लासची सीट दुखापत झालेल्या खेळाडूला देऊन स्वतः मागे जाऊन बसले. मोठे सर झाले तरी छोट्या सरांची सवय गेली नाही.

अर्जेंटिनाचा किस्सा आपल्यापैकी अनेकांनी रात्री जागून पाहिला आहे. नोव्हेंबर २०२२, ३६ सामने न हरलेला संघ सौदी अरेबियाकडून २-१ हरला. पुढची मॅच मेक्सिकोशी, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, नागपुरात रजईतून हात बाहेर काढवत नव्हता. ६४ व्या मिनिटाला मेस्सीने गोल मारला आणि कॅमेरा बेंचवर गेला. तिथे पाब्लो आयमार तोंडावर हात धरून रडत होता. आयमार म्हणजे मेस्सीचा लहानपणचा आदर्श, आणि आता मुख्य प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांचा सहायक. स्कालोनी स्वतः २०१८ मध्ये तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक साम्पाओली यांच्या हाताखाली होते. संघ कोसळला, साम्पाओली गेले आणि तात्पुरते म्हणून स्कालोनींना बसवलं. सोबत आयमार, पुढे वॉल्टर सॅम्युएल आणि रॉबर्टो आयाला. सगळे जुने आंतरराष्ट्रीय खेळाडू, राष्ट्रीय जर्सीचं ओझं अंगावर वागवलेले. मनोबल वाढवायचं म्हणजे चोवीस तास हसरा चेहरा ठेवायचा, असं थोडंच आहे? आपल्या इतकीच धाकधूक बाजूच्या माणसालाही आहे, हे दिसलं तरी पोरांना पुरतं.

पण या जागेला मर्यादा आहे. २०१० मध्ये फ्रान्सच्या संघाने दक्षिण आफ्रिकेत सरावच नाकारला, खेळाडू बसमध्ये बसून राहिले. फिटनेस प्रशिक्षक रोबेर द्युवेर्न आणि कर्णधार एव्हरा यांची मैदानावरच जुंपली, ती जगाने पाहिली. मुख्य प्रशिक्षक दोमेनेक यांच्यावरचा विश्वासच उडालेला होता. अशा वेळी मधला माणूस दोन्ही बाजूंचा मार खातो.

भारताकडे येऊ. आपल्याकडे मनोबल म्हटलं की आठवतो पी. के. बॅनर्जींचा ‘व्होकल टॉनिक’. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला आणि मॅचआधीच्या त्याच्या भाषणांना कोलकात्याने हे नाव दिलं. भाषणाचं टॉनिक मोठ्या सरांचं काम. ते चढतं लवकर, उतरतंही लवकर.

दुसरा प्रकार दिसला २०२३ मध्ये, बंगळुरूला झालेल्या दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत. २१ जूनला पाकिस्तानविरुद्ध भारताचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी थ्रो-इन घेणाऱ्याच्या हातातला बॉल उडवला आणि लाल कार्ड घेतलं. बेंचवरच्यांनाही कार्ड दाखवायचा नियम २०१९ पासून आला, त्याचा हा परिणाम. नेपाळविरुद्ध सहायक महेश गवळी यांनी संघ सांभाळला. स्टिमाच परतले आणि कुवेतविरुद्ध पुन्हा बाहेर गेले. आता उपांत्य आणि अंतिम, दोन्ही मॅचना मुख्य प्रशिक्षक नाही.

गवळी गोव्याचे, भारताचे जुने सेंटर-बॅक. डिफेंडर माणूस, त्यामुळे आधी दार लावायचं आणि मग बाकीचं बघायचं ही सवय. लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटं ०-०, पेनल्टीवर ४-२. ४ जुलैला कुवेतविरुद्ध भारत आधी पिछाडीवर पडला, छांगतेने बरोबरी केली, १-१ वर पुन्हा पेनल्टी. पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरी. मग नाओरेम महेशने गोल केला आणि गोलकीपर गुरप्रीतने कुवेतचा पुढचा फटका अडवला. बेंचवरही महेश, निर्णायक पेनल्टीवरही महेश! मुख्य सर नसताना संघ दोनदा शेवटपर्यंत ताणला गेला आणि दोन्ही वेळा तुटला नाही. पेनल्टी कोण मारणार हे विचारताना कोणाचे डोळे जमिनीकडे जातात, हे रोज सोबत धावणाऱ्याला कळतं. ट्रॉफीच्या बातम्यांत ठळक नावं सुनील छेत्री आणि गुरप्रीतची होती, ते साहजिकच. पुढच्या वर्षी स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ आले. गवळी त्यांच्याही सोबत होते.

राष्ट्रीय संघाच्या बेंचबद्दल नागपूरकराने एवढं का बोलावं, असं कोणी विचारेल. कारण फुटबॉल इथलाही आहे. नागपूरच्या मोमीनपुऱ्यात आणि शेजारच्या कामठीत क्रिकेटच्या लाटेतही फुटबॉल टिकून आहे. कोलकात्याच्या लीगमध्ये गाजलेल्या बीएनआरच्या नावातला ‘एन’ म्हणजे नागपूर, बंगाल नागपूर रेल्वे. टीम खेळायची तिकडे, आपल्या वाट्याला फक्त नाव.

पण एक राष्ट्रीय संघ असा आहे, जो खरोखर नागपुरातून घडला. हिस्लॉप कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणारे विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं पाहिली आणि २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं, २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधतेचा पुरस्कार मिळाला. बेघरांच्या वर्ल्ड कपाला भारताचा संघ याच संस्थेमार्फत जाऊ लागला. २०१० ला रिओ दि जानेरोत भारताचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल.

या स्पर्धेत एका वेळी चौघे खेळतात, सात-सात मिनिटांचे दोन हाफ असतात, आणि एक नियम असा आहे की खेळाडू आयुष्यात एकदाच भाग घेऊ शकतो. म्हणजे दरवर्षी अख्खा संघ कोरा. पहिल्यांदा पासपोर्ट, पहिल्यांदा विमान, पहिल्यांदा राष्ट्रगीताला छातीवर हात. गेल्या वर्षी पहिली मॅच मोठ्या फरकाने हरलो होतो तेव्हा रात्री काय केलं, हे सांगायला ड्रेसिंग रूममध्ये एकही जुना खेळाडू नसतो. अखिलेशलाही पुन्हा खेळाडू म्हणून जाता येणार नव्हतं. तो परत आला आणि प्रशिक्षक झाला.