डेटाबेस डिझाइन : शिकवताना वरून खाली, घडताना खालून वर

पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत हा विषय ठरलेल्या क्रमाने शिकवतात. गरजा समजून घ्या, ईआर डायग्राम (वस्तू आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) काढा, त्यातून टेबलं म्हणजे तक्ते पाडा, नॉर्मलायझेशन करा (एकच माहिती अनेक जागी राहणार नाही अशी तक्त्यांची फोड करा) आणि शेवटी इंडेक्स (नोंद झटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नि साठवण बघा. गंमत म्हणजे इतिहासात या पायऱ्या जवळपास उलट्या क्रमाने आल्या.

सुरुवात साठवणीपासून झाली. १९६०च्या दशकात चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयडीएस ही डेटाबेस प्रणाली उभारली. आयबीएमची आयएमएस ही तशीच प्रणाली अपोलो या चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आली. दोन्हींत एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याच्या वाटा आधीच आखलेल्या असत. पेशवे दफ्तरातला कागद हवा तर तो कोणत्या रुमालात बांधलाय हे ठाऊक लागतं, तसंच. बाखमन यांनी १९७३ मध्ये ट्युरिंग या संगणकक्षेत्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रामरला ‘नेव्हिगेटर’ म्हटलं, तेही कौतुकाने. वाट बदलली की प्रोग्रामही बदलावा लागे, ही मात्र रोजची कटकट.

तिच्यावर आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये उपाय सुचवला. माहिती यंत्रात कशी ठेवलीय याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं. त्याने फक्त तक्ते बघावेत. मग तक्ता चांगला कधी म्हणायचा? सदाशिव पेठेतल्या एखाद्या मेसची वही घ्या. रोजच्या जेवणाच्या नोंदीपुढे मेंबरचा पत्ताही लिहिलाय. पोरगा खोली बदलून कर्वेनगरला गेला की काही पानांवर जुना पत्ता, काहींवर नवा. जुनी पानं फाडली तर सुट्टीवर गेलेल्याचा पत्ताच गायब. आणि ज्याने पैसे भरलेत पण अजून एकदाही जेवला नाही, त्याचा पत्ता लिहायचा कुठे? पत्ता मेंबरचा असतो, जेवणाचा नाही, म्हणून त्याची जागा वेगळ्या तक्त्यात. चांगल्या तक्त्याच्या अशा कसोट्यांना नॉर्मल फॉर्म म्हणतात; त्यांतल्या सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्मचं मर्म एवढंच. कॉड यांनी ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले, १९७४ मध्ये त्यांहून कडक असा बॉइस-कॉड फॉर्म आला आणि व्हायव्हात विचारायला परीक्षकांची कायमची सोय झाली.

वरची पायरी सर्वांत शेवटी आली. पीटर चेन यांचा ईआर मॉडेलवरचा लेख १९७६चा. तक्ते पाडण्याआधी जगात कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांची एकमेकांशी नाती काय, ते चित्रात मांडा, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थी हे चित्र बहुतेकदा टेबलं झाल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री काढतात.

पण मेसमध्ये ‘मेंबर’ म्हणजे कोण? ज्याच्या नावाचं कार्ड आहे तो, की एकाच कार्डावर आलटून पालटून जेवणारे दोघे रूममेट? हे कुठलाही नॉर्मल फॉर्म सांगत नाही. त्यासाठी मेसच्या काकूंनाच विचारावं लागतं.