पार्श्वभूमी: अतिनवतारे, ‘प्रमाण दीप’ आणि विश्वप्रसरणाचा दर

विश्वाच्या प्रसरणाचा दर सध्या दोन आकड्यांत अडकला आहे: दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला ६७ किलोमीटर की ७३? यातला ७३ प्रामुख्याने अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यांच्या भरवशावर उभा आहे. १९२९ मधला ५०० चा अंदाज आणि नंतरचा ५० विरुद्ध १०० हा दीर्घ वाद सर्वपरिचित आहे. आजच्या पेचाची मुळे मात्र १९९० च्या दशकात आणि बरीचशी एका शब्दात सापडतात.

‘प्रमाण दीप’ हा तो शब्द: खरे तेज ठाऊक असलेला दिवा, जो किती मंद दिसतो त्यावरून त्याचे अंतर कळते. श्वेतबटूचे (मृत ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचे) वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीला पोचले की तो फुटतो. इंधन सगळीकडे सारखेच, म्हणून उजेडही सारखाच, असा तर्क होता. १९९१ मधल्या दोन स्फोटांनी तो मोडीत काढला. एक नेहमीपेक्षा तेजस्वी निघाला आणि सावकाश मावळला. दुसरा निळ्या प्रकाशात नेहमीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने उजळला आणि झपाट्याने विझला. १९९३ मध्ये अवघ्या नऊ अतिनवताऱ्यांच्या नोंदींवरून नियम मांडला गेला: तेज कळसाला पोचल्यावर पुढच्या १५ दिवसांत ते किती उतरते ते पाहा, त्यावरून मूळ तेज कळते. हळू मावळणारा मुळातच अधिक तेजस्वी असतो. म्हणजे हे दिवे सारखे नसतात, हिशेबाने सारखे करून घ्यावे लागतात. नाव तरीही ‘प्रमाण’च राहिले, आणि माझ्या मते या नावाने फार नुकसान केले.

त्याच दशकात एका गटाने १९३७ मधल्या अतिनवताऱ्याच्या जुन्या छायाचित्रपट्ट्या आधाराला घेतल्या. त्या दीर्घिकेतले सेफीड तारे (ज्यांच्या तेजाच्या चढउताराच्या कालावधीवरून खरे तेज कळते) हबल दुर्बिणीने टिपले होते, त्यामुळे अंतर हाती होते. दिव्यांचे तेज ठरलेलेच आहे असे धरून या गटाने दर ५० च्या आसपास काढला. मावळण्याची दुरुस्ती करणाऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याच्या नोंदी वापरणाऱ्या इतरांचे आकडे साठीच्या घरात आले. साठ वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांवरचे तेज कितपत विश्वासार्ह, यावर बरीच वर्षे खडाजंगी झाली. दुरुस्तीचा पक्ष पुढे टिकला. २०१० च्या सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली: दुरुस्तीनंतरही मोठ्या दीर्घिकांतले अतिनवतारे किंचित जास्त तेजस्वी दिसतात. त्याचे कारण अजून नीट उलगडलेले नाही.

१९९८ चा शोध, म्हणजे प्रसरणाला गती मिळत असल्याचा, याच ताऱ्यांवरून लागला. पण त्याची आणि दराची गल्लत होऊ देऊ नये. त्या शोधाला दूरचे आणि जवळचे स्फोट परस्परांशी ताडून पाहणे पुरेसे होते. दर काढायचा तर दिव्याचे खरे तेज लागते, आणि ते अतिनवतारा स्वतः सांगत नाही. ते शेजारच्या सेफीडांकडून उसने घ्यावे लागते. जवळच्या दीर्घिकांत असे स्फोट क्वचितच होतात, म्हणून २०२२ च्या मोजणीतही सेफीडांशी जोडलेले अतिनवतारे ४२ च होते.

२००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या प्रकल्पाने ७२ हा आकडा दिला, त्रुटी ८ ची. २०२२ मध्ये तोच मार्ग ७३.०४ वर आला, त्रुटी जेमतेम १. आद्य प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळातल्या प्रकाशावरून, प्लँक उपग्रहाने दिलेला ६७.४ मग जुळेनासा झाला. २०१९ मध्ये सेफीडांऐवजी तांबडे राक्षसी तारे वापरल्यावर त्याच अतिनवताऱ्यांच्या पद्धतीने ६९.८ निघाले. या निकालाची हवी तेवढी चर्चा झाली नाही, हे मला खटकते.

अलीकडची वाट वेगळी आहे. गुरुत्वीय भिंगामुळे (वाटेतल्या मोठ्या वस्तुमानाने प्रकाश वळल्यामुळे) एकाच स्फोटाच्या अनेक प्रतिमा दिसतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात. २०१४ मध्ये अशा एका अतिनवताऱ्याच्या चार प्रतिमा सापडल्या. पाचवी कधी दिसेल याचे भाकीत आधीच केले गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती उमटली. त्या विलंबावरून २०२३ मध्ये ६५ च्या आसपासचा दर निघाला. २०२३ मध्येच सापडलेल्या आणखी एका स्फोटावरून मात्र ७५ च्या आसपासचा निघाला. या पद्धतीला सेफीड लागत नाहीत, पण भिंगातल्या वस्तुमानाची मांडणी अचूक ठाऊक असावी लागते.