काईट स्केटिंगमधलं पहिलं सेफ्टी गिअर म्हणजे लहान काईट

काईट स्केटिंग म्हणजे पायात स्केट्स, हातात पॉवर काईट (माणसाला ओढेल एवढा ताकदवान पतंग), बाकी इंजिन-बिंजिन काही नाही, सगळा कारभार वाऱ्याच्या जिवावर. नवीन माणूस यात उतरला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात, किती मीटरची (म्हणजे किती चौरस मीटर क्षेत्रफळाची) काईट घेऊ आणि हेल्मेट-पॅड कुठले घेऊ. हे दोन प्रश्न तो वेगवेगळे धरून चालतो, काईट मजेसाठी आणि पॅड पडल्यावर कामी यावेत म्हणून. माझ्या मते गडबड इथेच होते, कारण आपण किती जोरात आणि कुठल्या बाजूला पडणार हे बऱ्याच अंशी काईट घेतानाच ठरून गेलेलं असतं.

पतंग माणसाला ओढून नेतो एवढंच नाही तर उचलूही शकतो, हे काही आत्ता कळलेलं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते, त्यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तेव्हा तिकडे टोल घोड्यांच्या हिशोबाने लागायचा आणि या गाडीला घोडाच नाही, त्यामुळे टोलवाल्यांची पंचाईत. या गृहस्थांनी त्याआधी स्वतःच्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने हवेत उचललं होतं (हीच मार्था पुढे क्रिकेटवाल्या डब्ल्यू. जी. ग्रेसची आई, जाता जाता सांगून टाकलं). आजच्या काईट्स तर त्या काळच्या पतंगांपेक्षा कितीतरी तल्लख आहेत.

आता जरा गणित, पण घाबरू नका. काईटवरचा जोर काईटचं क्षेत्रफळ, हवेची घनता, काईटचा आकार आणि कोन, आणि वाऱ्याच्या वेगाचा वर्ग यांच्यावर ठरतो. सगळी मेख त्या वर्गात आहे. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही होत, चौपट होते. ३ चौरस मीटरची काईट घ्या, ती हवेत एका जागी शांत उभी आहे असं धरा, तर तासाला १० किमी वेगाच्या वाऱ्यात तिची ओढ ढोबळमानाने दीड किलो वजनाइतकी, २० किमीला साडेपाच-सहा किलो आणि ३० किमीला बारा-तेरा किलो. आकडे वाचून वाटेल की एवढंच? बारा किलो म्हणजे काय मोठं!

पण काईट शांत उभी नसते ना. ती वाऱ्याला आडवी पळते, आणि पळताना तिला लागणारा वारा हा नुसता जमिनीवर वाहणारा वारा नसतो, तिचा स्वतःचा वेगही त्यात मिळतो. चांगली काईट मूळ वाऱ्याच्या तिप्पट वेगाचा वारा सहज अंगावर घेते. तिप्पटीचा वर्ग नऊ. म्हणजे मघाची ३ मीटरची काईट, २० किमीच्या वाऱ्यात, डोक्यावरून खाली अशी समोर झोकली की पाच-सहा किलोची ओढ पन्नास किलोच्या घरात जाते, तेही सेकंदभरात. आणि नेमका त्याच क्षणी ३० किमीचा झोत आला तर? वारा दीडपट, म्हणून ओढ सव्वादोन पट, म्हणजे शंभर किलोच्या वर. इथे माणूस स्केटिंग करत नसतो, तो नुसता दोऱ्यांच्या टोकाला बांधलेलं सामान असतो.

काईट जिथे जिथे उडू शकते त्या समोरच्या पाव-गोलासारख्या भागाला विंड विंडो म्हणतात. त्याच्या कडांना आणि अगदी डोक्यावर ओढ कमी असते आणि बरोबर मधोमध, वाऱ्याच्या दिशेला खाली, पॉवर झोन. नवशिक्याचे बहुतेक धडे हेच की काईट त्या मधल्या भागातून कधी न्यायची आणि कधी अजिबात न्यायची नाही. घाबरल्यावर हात आपोआप छातीशी आवळले जातात, दोन्ही हँडल एकदम मागे खेचले जातात, मग काईट अजून पॉवर धरते नाहीतर वेडीवाकडी वळते. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्या काईटवर घालवायचा ती लहानच पाहिजे.

दुसरी बाजू पण बघा, की चाकांवर पुढे जायला लागतंच किती? गुळगुळीत डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर ७५ किलोच्या माणसाला नुसतं सरकत ठेवायला एक-दीड किलोची ओढ पुरते. गवतावर किंवा मऊ वाळूवर याच्या कितीतरी पट जास्त लागते, म्हणून तिकडे थोडी मोठी काईट आणि हवा भरलेली मोठी चाकं लागतात. म्हणजे कडक जागेवर दीड-दोन मीटरची काईटसुद्धा बऱ्या वाऱ्यात भरपूर झाली. तरी लोक थेट ५ मीटरची उचलतात, कारण कमी वाऱ्यात चालेल आणि पुढे परत दुसरी घ्यायला नको. हा हिशोब पैशाचा आहे, वाऱ्याचा नाही.

माझं सरळ मत सांगतो. पहिली काईट २ ते ३ मीटरची फॉइल घ्यावी. फॉइल म्हणजे ज्यात कापडाचे कप्पे असतात आणि पुढच्या तोंडातून हवा भरून ती पंखासारखी फुगते. अमेरिकेत डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात पॅराफॉइल आणला, त्याच कल्पनेचं हे पुढचं रूप, पॅराग्लायडरची पण हीच भावकी. पाण्यावर वापरतात त्या पुढच्या कडेला हवेची नळी असलेल्या काईट्स वेगळ्या, लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, त्या पाण्यात बुडत नाहीत हा त्यांचा मोठा गुण, पण जमिनीवर त्या गुणाचा उपयोग शून्य आणि काट्याकुट्यात नळी पंक्चर व्हायची ते वेगळंच. फॉइलमध्येपण लांबलचक, अरुंद अशा रेसिंगवाल्या काईट्सच्या नादी लागू नका, त्या वेगवान असतात पण वारा जरा डळमळला की दुमडतात आणि परत उघडताना असा हिसका देतात की विचारू नका. आखूड, जाडसर, थोडी आळशी काईट नवशिक्याला चांगली.

दोऱ्या किती हा पुढचा प्रश्न. दोन दोऱ्यांची काईट स्वस्त आणि समजायला सोपी, पण तिला ब्रेक नाही. चार दोऱ्यांच्या हँडलवाल्या काईटला मागच्या दोन ब्रेकच्या दोऱ्या असतात, त्यांना मनगटावरचे पट्टे जोडायचे, यांना काईट किलर म्हणतात. नाव भयंकर आहे पण काम देवासारखं आहे. हँडल सोडून दिले की सगळा ताण ब्रेकच्या दोऱ्यांवर येतो, काईट मागच्या कडेवरून फडफडत खाली बसते, जोर संपला. मला विचाराल तर हे पट्टे नसतील तर चार दोऱ्यांची काईट उडवूच नये. आणि पट्टे लावून भागत नाही, हँडल सोडायची प्रॅक्टिस करावी लागते, मुद्दाम, कमी वाऱ्यात, पुन्हा पुन्हा, कारण ओढ वाढली की मूठ आपोआप घट्ट होते, सोडायचं हे डोक्यात येतच नाही. बार, म्हणजे दोन्ही हातांनी धरायचा दांडा, पुढे ढकलून जोर कमी करता येतो अशा डिपॉवर काईट्सपण असतात, छान असतात, पण त्या कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, अडकवून उडवायच्या, आणि हार्नेस म्हणजे काईट तुमच्या शरीराला बांधली. ते नंतर, क्विक रिलीज (काईट झटकन सोडवायची कळ) न बघता हाताला सापडायला लागल्यावर.

आता पडण्याकडे येऊ. साध्या स्केटिंगमध्ये पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून तिथे मनगटं जातात. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटिंगच्या (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सच्या) दुखापतींवर एक अभ्यास आला होता, त्यात रिस्ट गार्ड (मनगटाला आधार देणारे पट्टे) न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका साधारण दहा पट निघाला होता, कोपराच्या पॅडचंही जवळपास तसंच. काईट स्केटिंगमध्ये याला एक पीळ आहे. हात रिकामेच नसतात, त्यात हँडल असतात, आणि बरेचदा ते शेवटपर्यंत सुटत नाहीत. मग माणूस पडतो तो कुल्ल्यावर, खांद्यावर, कोपरावर. शिवाय आपण ओढीच्या विरुद्ध मागे रेललेले असतो, त्यामुळे वारा अचानक पडला किंवा काईट दुमडली की समोरचा आधार गेला आणि आपण थेट मागे, पार्श्वभाग आणि मग डोक्याची मागची बाजू. उलट झोत आला तर पुढे तोंडावर. म्हणून साधं सायकलचं हेल्मेट इथे मला अपुरं वाटतं, मागे खालपर्यंत उतरणारं स्केटचं हेल्मेट पाहिजे, आणि वेग वाढायला लागला की हनुवटी झाकणारं फुल फेस.

हेल्मेट करतं काय? डोकं थांबायला लागणारं अंतर वाढवतं, बस. सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटचं युरोपियन स्टँडर्ड आहे ईएन १०७८, त्यात हेल्मेट सपाट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटून बघतात, हा वेग म्हणजे दीड मीटरवरून सरळ खाली पडल्यासारखा, तासाला साडेएकोणीस किमी. आतला फोम समजा २ सेंटिमीटर दबला तर डोक्याला बसणारा धक्का सरासरी ७५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट. फोम नाही, नुसती टाळू आणि काँक्रीट, थांबायला जेमतेम २ मिलिमीटर, तर तोच धक्का ७५० जी. दहा पट अंतर, दहावा हिस्सा धक्का. पण थर्माकोलसारखा तो फोम एकदा दबला की दबला, परत फुगत नाही, बाहेरून हेल्मेट कोरं करकरीत दिसलं तरी एका जोरदार आपटीनंतर ते बाद समजायचं. सेकंडहँड हेल्मेट म्हणूनच घेऊ नये.

रिस्ट गार्ड घालायचेच, फक्त घेताना काईटचा हँडल हातात धरून बघा. बऱ्याच गार्डमध्ये तळहातावर वाकलेली कडक पट्टी असते, हँडल त्या प्लास्टिकवर बसतो, बोटं पूर्ण मिटत नाहीत, आणि अर्ध्या तासात मनगटाच्या वरचा स्नायू भरून येतो. पट्टी आखूड असलेले किंवा ग्लोव्हमध्येच बसवलेले गार्ड बरे पडतात. ग्लोव्ह तसेही हवेत, कारण काईटच्या दोऱ्या डायनिमाच्या (एका फार मजबूत प्लास्टिक धाग्याच्या) असतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड, आणि ताणात असताना बोटावरून सरकल्या तर कातडं कापतात. दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही, कुणी समोरून येतंय आणि दोरी धरून काईट थांबवू असं मनातपण आणायचं नाही. हे डायनिमा घसरडं असतं, म्हणून दोऱ्यांना दोन-चार पीळ पडले तरी काईट चालते, पण साधारण १४५ ते १५० अंशांना वितळतं, त्यामुळे दुसऱ्याच्या ताणलेल्या दोरीवर आपली दोरी घासली तर घर्षणाच्या उष्णतेनेच तुटू शकते. दोघांनी जवळजवळ उडवू नये याचं हे एक कारण.

गुडघा आणि कोपराच्या पॅडला बाहेरून कडक प्लास्टिकची वाटी असलीच पाहिजे, कारण तिचं काम नुसतं धक्का खाणं नाही तर घसरणं आहे. नुसता कापडी पॅड डांबरावर चिकटतो आणि शरीर पुढे वळतं, प्लास्टिक सरकतं आणि वेग हळूहळू जिरतो. आणि लोक ज्याला हसतात ती गादीवाली चड्डी, म्हणजे कुल्ले आणि माकडहाडावर पॅड असलेली, ती माझ्या यादीत हेल्मेटच्या लगेच खाली आहे. वाळूत असाल तर गॉगल हवा, पॉलिकार्बोनेटच्या काचेचा, काईट बघायला सारखं उन्हात वर बघावं लागतं आणि खालून वाळू उडत असते.

बूट घोटा घट्ट धरणारे घ्या. मोठ्या चाकांमुळे आपण जमिनीपासून उंच जातो, तोल आणखी नाजूक होतो, आणि हे बूट स्कीसारखे पडल्यावर आपोआप सुटत नाहीत, त्यामुळे पाय अडकून पिळला तर सगळा ताण गुडघ्यावर. टाचेच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. ओढणारी काईट वर असताना तो रबरी तुकडा काय करणार? थांबायचं ते काईट कडेला किंवा डोक्यावर नेऊन, नाहीतर सोडून.

वारा मोजताना एक गंमत लक्षात ठेवा, हातातलं वारामापक छातीच्या उंचीचा वारा सांगतं आणि काईट असते वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला, तिथे वारा जवळपास नेहमीच जास्त असतो. बोफर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर सांगायची पट्टी) ३ नंबर, तासाला १२ ते १९ किमी, पानं सतत हलतायत पण धूळ-कागद उडत नाहीयेत, तेवढ्यात शिकावं. धूळ उठायला लागली की नवशिक्याने काईट गुंडाळावी. वारा येतो त्या बाजूला झाडं किंवा बिल्डिंग असेल तर तिच्या उंचीच्या सात-दहा पट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो, दहा मीटरच्या झाडांच्या ओळीमागे शंभर मीटर जागा वाया गेली असं समजा. वीजेच्या तारा आणि गडगडाटी ढग असतील तर तिथे उडवायचंच नाही, ओली दोरी वीज वाहते.

आणि पहिले काही दिवस स्केट्स घरीच ठेवा. हेल्मेट, गार्ड, ग्लोव्ह सगळं चढवून, साध्या बुटात, जमिनीवर उभं राहून काईट उडवा, आठचा आकडा काढा, मुद्दाम पाडा, मुद्दाम सोडा, मित्राशी बोलता बोलता उडवून बघा. काईटकडे न बघता ती कुठे आहे हे हातांना कळायला लागलं की मग पायात चाकं घाला, कारण त्यानंतर डोळे जमिनीवर लागणार आहेत, एक छोटासा खडासुद्धा पुढचं चाक अडवायला पुरतो.