रक्त काढत न्हाईत व्हय हितं?

परवा राजारामपुरीत एका मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या क्लिनिकबाहेर बसलेलो, शेजारी एक मावशी पोराची फाइल मांडीवर घेऊन. मला म्हणाल्या, "रक्त काढत न्हाईत व्हय हितं?" बरोबरच आहे की ओ, शुगर, थायरॉइड सगळं रक्तात कळतं मग स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मनाचा आजार, तेवढाच का नाही.

ह्या प्रश्नामागं संशोधक लई वर्षं लागलेत. १९५२ ला पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनाच्या आजारावर लागू पडलं, पण ते आलं भूल देणाऱ्यांच्या कपाटातनं, म्हणजे औषध आधी आणि आजार नेमका काय ते नंतर शोधा, असा उलटा कारभार. मग सगळी भिस्त जीन्सवर. २००३ ला माणसाची सगळी जीन्स वाचायचा ह्युमन जीनोम प्रोजेक्ट संपला, पण स्किझोफ्रेनियाचा असा एक जीन घावला नाही, शेकडो ठिकाणी थोडा थोडा वाटा निघाला.

आपल्याकडचं सांगायचं तर जीन म्हणजे उसाचं बेणं. रानात को ८६०३२ लावलाय एवढ्यावरनं गुळाचा रंग सांगता येत नाही, गुऱ्हाळावर जाऊन काहिलीत वाकून बघाय लागतं. तसंच जीन्सवर न थांबता पेशीत त्या घडीला कुठली प्रोटीन्स किती आहेत ते एकदम बघायचं, हे प्रोटिओमिक्स.

तंत्र जुनंच, १९७५ ला पॅट्रिक ओफॅरेलनी जेलवर प्रोटीन्स एका दिशेनं चार्जनुसार आणि दुसऱ्या दिशेनं वजनानुसार पांगवली, ई. कोलाय ह्या जिवाणूच्या प्रोटीन्सचे ११०० ठिपके वेगळे दिसले. पण कुठला ठिपका कोण? ते मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे रेणूंचं वजन मोजून ओळख पटवणाऱ्या तंत्रानं सुटलं, त्यातल्या कामाला फेन आणि तनाका ह्या शास्त्रज्ञांना २००२ चं नोबेल.

खरी अडचण मेंदूची, जित्या माणसाचा तुकडा कोण काढणार? म्हणून मृत्यूनंतर दान केलेले मेंदू वापरतात. ब्राझीलच्या डॅनियल मार्टिन्स-डिसूझांनी असल्या नमुन्यांत बघितलं तर ग्लुकोजपासनं ऊर्जा करणारी प्रोटीन्स बदललेली, आणि मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचीपण. मेख अशी की पेशंटनं वीस-वीस वर्षं गोळ्या खाल्लेल्या असतात, मग फरक आजाराचा का गोळ्यांचा?

केंब्रिजच्या सबीन बान रक्ताकडं वळल्या. त्या कामातनं २०१० ला अमेरिकेत व्हेरिसाय्क नावाची टेस्ट आली, रक्तातले ५१ घटक मोजणारी. मला विचाराल तर घाई झाली. धडधाकट माणूस आणि पेशंट वेगळा काढणं सोपं ओ, डॉक्टर अडतो ते स्किझोफ्रेनिया का बायपोलर (मन कधी लई चढतं, कधी लई उतरतं तो आजार) इथं. टेस्ट काही टिकली नाही.

मावशींचा नंबर आला. पाऊण तास आत बोलणं चाललेलं, रक्त काही काढलं नाही.