मुस्लिमांची धार्मिकता मोजायची कशी? या प्रश्नामागचा साठेक वर्षांचा इतिहास

"अमुक देशातले इतके टक्के मुस्लिम खूप धार्मिक" अशी हेडलाईन आली की दोन्ही बाजूंनी लगेच भांडण सुरू होतं, पण तो आकडा नेमका कुठल्या प्रश्नाच्या उत्तरातून आला हे फारसं कोणी विचारत नाही. मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे, कारण हे प्रश्न मुळात मुस्लिमांसाठी बनलेलेच नव्हते.

ते बनले अमेरिकेत, चर्चला जाणाऱ्या लोकांसाठी. 1962 मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स ग्लॉक यांनी मांडलं की धार्मिकता ही एकच एक गोष्ट नसते, तिला पाच बाजू असतात: श्रद्धा, विधी, अनुभव, धर्माचं ज्ञान आणि या सगळ्याचा रोजच्या वागण्यावर होणारा परिणाम. पुढे रॉडनी स्टार्क यांच्यासोबत त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या चर्चच्या सभासदांवर हे तपासलं. 1967 मध्ये ऑलपोर्ट आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी अजून एक फरक आणला, धर्म मनापासून जगणारे आणि धर्माचा उपयोग करून घेणारे असा, पण तोही अभ्यास चर्चवाल्यांचाच. पाया चांगलाच होता, फक्त तो एका धर्माच्या सवयींवर उभा होता.

नंतर हीच फूटपट्टी उचलून जगभर लावली गेली. जागतिक मूल्य सर्वेक्षणात, म्हणजे वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेमध्ये, एक ठरलेला प्रश्न असतो की लग्नं आणि अंत्यविधी सोडून तुम्ही धार्मिक प्रार्थनासभांना किती वेळा जाता. 1999 ते 2004 च्या फेरीत इजिप्त, जॉर्डन, इराण असे बरेच मुस्लिमबहुल देश आले आणि अडचण उघडी पडली, कारण पुरुषाला जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मशिदीत जायचं असतं पण बाईवर ते बंधनच नाही, आणि दक्षिण आशियात तर कितीतरी मशिदींत बायकांना जागाच नसते, म्हणजे घरी पाच वेळा नमाज पढणारी, सगळे रोजे ठेवणारी बाई या प्रश्नावर "कमी धार्मिक" ठरणार! अर्धी लोकसंख्या अशी चुकीच्या खान्यात पडते आणि मग त्यावर कोणीतरी निष्कर्षही काढून मोकळं होतं, हे मला खरंच गंभीर वाटतं.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. "तुमचा अल्लाहवर विश्वास आहे का" असं पाकिस्तानात किंवा इंडोनेशियात विचारलं तर जवळपास सगळेच हो म्हणतात, आणि जिथे सगळे हो म्हणतात तिथे माणसामाणसातला फरक कळतच नाही. रियाझ हसन या ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञांनी यावर चांगलं काम केलं. त्यांनी ग्लॉक-स्टार्कच्या बाजू घेऊन त्या मुस्लिम समाजाला बसतील अशा करून घेतल्या, उदाहरणार्थ ठरलेल्या वेळची नमाज वेगळी आणि एकट्याने मनातून मागितलेली दुआ वेगळी. आधी इंडोनेशिया, पाकिस्तान, इजिप्त, कझाकस्तान आणि पुढे अजून देश. कझाकस्तान यात सगळ्यात वेगळा निघाला, सोव्हिएत काळात धर्मशिक्षण आणि मशिदी दाबल्या गेल्यामुळे तिथे लोक स्वतःला मुस्लिम तर म्हणतात पण रोजच्या पाळण्यात धर्म कमी. प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या 2012 च्या 39 देशांच्या अहवालातही तेच दिसलं, धर्म आयुष्यात खूप महत्त्वाचा म्हणणारे इंडोनेशियात 93 टक्के आणि कझाकस्तानात 18.

मानसशास्त्रवाले दरम्यान आपापल्या प्रश्नावल्या बनवतच होते. 1997 मध्ये वाइल्ड आणि जोसेफ यांची 14 विधानांची छोटी स्केल, म्हणजे मोजपट्टी, आली, मग मलेशियातली, मग 2008 मध्ये हिशाम अबू रैया आणि सहकाऱ्यांची, जी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते कारण तिच्यात श्रद्धेबद्दलच्या शंका आणि मनातली ओढाताण यालाही जागा आहे.

भारतात हा वाद आकड्यांच्या आधी मानववंशशास्त्रात झाला. समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी 1981 मध्ये संपादित केलेल्या पुस्तकातून दाखवलं की इथला जगला जाणारा इस्लाम धर्मग्रंथातल्या इस्लामसोबत दर्गे, उरूस, नवस हे सगळं घेऊन चालतो. उलट इतिहासकार फ्रान्सिस रॉबिन्सन यांचं म्हणणं पडलं की काळाच्या ओघात लोक धर्मग्रंथातल्या आदर्शाकडेच सरकत जातात. म्हणजे दर्ग्यावर चादर चढवणारा माणूस जास्त धार्मिक धरायचा की कमी, हे प्रश्नावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. महाराष्ट्रात उरुसाची गर्दी पाहिलेल्या कोणालाही यातली अडचण लगेच कळेल. प्यूच्या 2021 च्या भारताच्या अहवालात 77 टक्के मुस्लिमांनी कर्मावर विश्वास असल्याचं सांगितलं, नुसते इस्लामचे पाच स्तंभ (कलमा, नमाज, रोजा, जकात, हज) विचारले असते तर हे कधी दिसलंच नसतं.

आणि लोक खरं सांगतात का? अमेरिकेत 1993 मध्येच दिसलं होतं की चर्चला जातो म्हणणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच प्रत्यक्ष जातात. समाजशास्त्रज्ञ फिलिप ब्रेनर यांनी 2014 मध्ये पाकिस्तान, तुर्कस्तान आणि पॅलेस्टाईनमधली सर्वेक्षणं लोकांनी भरलेल्या दिनचर्येच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा नमाजाबाबतही तशीच वाढवून सांगण्याची सवय दिसली. इराणात भीतीचा मुद्दा येतो. सरकारी जनगणनेत 99 टक्क्यांहून जास्त मुस्लिम, पण 2020 मध्ये गमान या संस्थेने नाव न विचारता ऑनलाईन सर्वेक्षण केलं तर स्वतःला शिया, म्हणजे इराणातल्या बहुसंख्य मुस्लिम पंथाचे, म्हणणारे फक्त 32 टक्के. ऑनलाईन कोण येतं यावरून त्या आकड्यावर टीका झाली आणि ती रास्तच आहे, पण घरी आलेल्या अनोळखी माणसासमोर दिलेलं उत्तरही तितकंच तपासून घ्यायला हवं ना.

म्हणून आता काहीजण प्रश्न विचारणंच टाळतात. अफगाणिस्तानात संशोधकांनी मोबाईल कॉलच्या नोंदी वापरल्या: मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजाच्या वेळी फोन किती कमी होतात ते पाहायचं, सूर्यास्त रोज थोडा सरकतो त्यामुळे ही घट नमाजाचीच आहे हे ओळखता येतं, आणि दुष्काळासारख्या संकटात ती घट वाढते असं त्यांना आढळलं. पद्धत हुशार आहे, फक्त ज्यांच्या हातात फोनच नाही त्या बायका इथेही मोजणीबाहेर राहतात.