बोट अर्धा सेकंद जास्त टेकतं तेव्हा

आजी फोटोवर बोट ठेवतात. फोटो उघडतच नाही, भलताच मेनू समोर येतो. ‘बिघडलं का काही?’ म्हणत त्या हात मागे घेतात.

बिघडलेलं काहीच नसतं. टचस्क्रीनला दाब कळत नाही. बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बारीकसा बदल तिला कळतो. वय वाढलं की त्वचा कोरडी पडते आणि हा बदल कधीकधी नीट टिपला जात नाही. मग माणूस जोरात दाबतो. जोराने काही होत नाही, पण बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि साधारण अर्ध्या सेकंदानंतर फोन त्या स्पर्शाचा अर्थच वेगळा लावतो. संगणकावरच्या डबल-क्लिकचंही तसंच, तिथेही वेळेचाच खेळ. विंडोजमध्ये मूळ सेटिंगनुसार दोन क्लिकमध्ये जास्तीत जास्त 500 मिलिसेकंद चालतात, त्यातही माउस हलता कामा नये. हे दोन्ही वेळ सेटिंगमध्ये वाढवता येतात. आजी-आजोबांना फोन-संगणक शिकवायला बसण्याआधी तेवढं तरी आपण करूच शकतो!

आता मेंदूकडे वळू. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी 1940च्या दशकात बुद्धीचे दोन प्रकार मांडले. एक नवं कोडं झटपट सोडवणारी, दुसरी अनुभवातून साठत गेलेली. पहिली वयानुसार मंदावते. दुसरी, म्हणजे शब्दसंपदा, जाण, व्यवहारज्ञान, उतारवयातही बराच काळ टिकते. नव्या गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी कार्यस्मृती तरुणपणीही तोकडीच असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या 2001च्या मांडणीनुसार तिच्यात एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात. आणि आपण काय सांगतो? ‘वर कोपऱ्यात तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग अकाउंट, खाली सरकवा, ते बंद करा, बॅक या.’ एका दमात सहा! म्हणून जुन्या साठ्याचा आधार घ्यावा. ज्यांनी आयुष्यभर कपाटात फायली लावल्या, त्यांना फोल्डर वेगळा समजवावा लागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘द्या इकडे, मी करून देतो.’ रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. स्मृती पक्की होते ती आठवण्याच्या खटपटीतून. माउस आपण हातात घेतला की ती खटपट आपली होते, त्यांची राहत नाही. गप्प बसून दहा सेकंद वाट पाहणं मलाही जड जातं. पण शिकणं त्या दहा सेकंदांतच घडतं.

‘या वयात कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांचा 2014चा अभ्यास आहे. त्यांनी 60 ते 90 वयाच्या मंडळींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास नवं कौशल्य शिकवलं. काहींना डिजिटल फोटोग्राफी, त्यात संगणकावर फोटो सुधारणंही आलं, काहींना गोधडीकाम. नुसत्या गप्पा, सहली यांत रमलेल्या गटापेक्षा या शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता जास्त सुधारली, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची.

सोबत एक वही असू द्या. पायऱ्या आजी-आजोबांनी, त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात. ‘तीन ठिपके’ऐवजी त्यांनी ‘उभी टिंबं’ लिहिलं, तर पुढच्या वेळी आपणही उभी टिंबंच म्हणायचं.