कंबाइनर थंड, मक्स गरम

आमच्या परभणी जिल्ह्यात केबलवाल्याच्या खोलीला कंट्रोल रूमच म्हणतात, मग ती जिन्याखालची का असेना. माझी गच्चीवरची आहे, पत्र्याची. मे महिन्यात तिथं उभं राहवत नाही. गेल्या उन्हाळ्यात भाचा हाताखाली आला आणि रॅककडे बघत म्हणाला, "मामा, ह्या पेटीत लई वायरी शिरतात अन् एकच बाहेर येते. त्या पेटीत बी तसंच. मग दोन कामून घेतल्या?"

प्रश्न रास्त होता. एक पेटी कंबाइनरची, दुसरी मल्टिप्लेक्सरची. धंद्यात वीस वर्षं काढलेली माणसंसुद्धा मल्टिप्लेक्सरला, म्हणजे आमच्या बोलीतल्या मक्सला, 'डिजिटल कंबाइनर' म्हणताना मी ऐकली आहेत. दोन्ही पेट्या १९ इंची रॅकमध्ये बसतात, दोन्ही बहुतेक १ यू, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंचीच्या. भाच्याला म्हटलं, आधी हात लावून बघ. थंड लागेल तो कंबाइनर. त्याला बहुधा वीजच लागत नाही. आत फेराइटचे बारके तुकडे आणि तांब्याची तार, एवढाच संसार. ज्याचा पंखा घरघरतोय, पुढे छोटा पडदा आहे आणि मागून लॅनची वायर गेली आहे, तो मक्स. ॲम्प्लिफायर घातलेले कंबाइनरही मिळतात, ते कोमट लागतात. पण माझ्याकडचा साधा आहे.

कंबाइनर जोडतो त्या लहरी. ॲनालॉगच्या काळात एका चॅनलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर असे. प्रत्येक मॉड्युलेटर आपलं चॅनल वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसवायचा. व्हीएचएफमध्ये ७ मेगाहर्ट्झची जागा, यूएचएफमध्ये ८ ची. कंबाइनरचं काम एवढंच, की शेजारी शेजारी बसलेले हे सगळे जण एका कोॲक्स वायरीवर सोडायचे. आत क्रिकेट चाललंय की कीर्तन, त्याला पत्ता नसतो.

याची किंमत लेव्हलमध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीत, मोजावी लागते. दोन तोंडांचा कंबाइनर प्रत्येक सिग्नलची निम्मी ताकद खातो, म्हणजे ३ डीबी (डेसिबल). तोंडं दुप्पट केली की आणखी ३. सोळा तोंडांच्या कंबाइनरमध्ये १२ डीबी हिशेबानेच गेले, प्रत्यक्षात त्याहून दोन-चार जास्त जातात. न वापरलेल्या तोंडाला ७५ ओमची टोपी लावावी लागते, नाहीतर तिथून सिग्नल उलटा फिरतो आणि दुसऱ्याच कुणाला तरी त्रास देतो. शेजारच्या दोन चॅनलांच्या लेव्हलमध्ये फार फरक ठेवायचा नाही. ॲनालॉग आणि डिजिटल एकाच वायरीत चालत होते त्या दिवसांत मात्र डिजिटल मुद्दाम खाली ठेवत: ६४ क्वाम ॲनालॉगपेक्षा साधारण १० डीबी खाली, २५६ क्वाम ६ डीबी खाली. क्वाम म्हणजे डिजिटल माल लहरीवर चढवायची पद्धत, आकडा मोठा तितका माल जास्त. कंबाइनरची विद्या इथं संपते. मीटर, कनेक्टर, टोप्या.

मक्सचं तसं नाही. तो लहरी जोडतच नाही, बिट जोडतो.

मोंढ्यात दहा शेतकऱ्यांची तूर एकाच ट्रकात जाते ती कशी? सगळ्यांची पोती एका मापाची, प्रत्येक पोत्यावर ज्याचा त्याचा मार्का. पोती कशीही आलटून पालटून रचा, उतरवणारा मार्का बघून वेगळी करतो. मक्समधलं पोतं १८८ बाइटचं असतं आणि त्याच्यावरच्या मार्क्याला पीआयडी म्हणतात. एका चॅनलची चित्राची पोती वेगळ्या नंबरची, आवाजाची वेगळ्या. पीआयडी १३ बिटांचा, म्हणजे ० ते ८१९१ एवढेच नंबर. त्यातला शून्य नंबर यादीच्या पोत्याला राखलेला, ज्यात गाडीत कोणकोणती चॅनलं आहेत ते लिहिलेलं असतं. ८१९१ हा रिकाम्या पोत्यांचा नंबर. रिकामी कशाला? कारण ट्रक सतत एकाच वेगाने, भरूनच निघाला पाहिजे. माल कमी पडला तर मक्स रिकामी पोती घालून जागा भरतो. आणि पोत्यांची रांग हलली की प्रत्येक चॅनलच्या घड्याळाचे ठोकेही मागे-पुढे होतात, ते तो नव्याने मारून देतो. हे कुठल्याही कंबाइनरच्या बापाला जमणार नाही.

मक्समधून निघालेला हा एक प्रवाह पुढे क्वाम मॉड्युलेटरमध्ये जातो आणि ८ मेगाहर्ट्झच्या एका जागेत बसतो. ॲनालॉगमध्ये जिथं एक चॅनल मावायचं तिथं आता दहा किंवा वीस. असे पाच-सहा मॉड्युलेटर झाले की त्यांच्या वायरी एकत्र करायला पुन्हा तोच जुना थंड कंबाइनर लागतो. म्हणून दोन पेट्या. हल्ली मक्स, स्क्रॅम्बलर (चॅनलला कुलूप लावणारा) आणि मॉड्युलेटर एकाच १ यू पेटीत येतात, त्यामुळे गोंधळ वाढला आहे, कमी झालेला नाही.

दोघांतला खरा फरक मला गर्दी झाल्यावर कळला. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, केबल डिजिटायझेशनच्या, म्हणजे ॲनालॉग बंद करून बॉक्स बसवायच्या, दुसऱ्या टप्प्यात होतं, तारीख ३१ मार्च २०१३. आमच्यासारख्या ग्रामीण भागासाठी चौथा टप्पा, त्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. त्यानंतरच्याच एका सप्ताहाची गोष्ट. हरिनाम सप्ताह लोकल चॅनलवर थेट दाखवायचा होता. चित्र झकास यावं म्हणून मी एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून त्याचे बिट करणारी पेटी, सेकंदाला ३ मेगाबिटवरून ६ वर नेला. संध्याकाळी त्या फ्रिक्वेन्सीवरच्या दहाच्या दहा चॅनलांचे चौकोनी तुकडे पडायला लागले. फक्त लोकलचे नाही, सगळ्यांचे.

मी कंबाइनरवाला माणूस. कनेक्टर बदलले, तोंड बदललं, लेव्हल वाढवली. मीटर म्हणतंय सगळं ठीक, सिग्नलची स्वच्छता सांगणारा एमईआर ३५. अर्धा दिवस असाच गेला. मग कागद घेतला. ६४ क्वाम, सेकंदाला ६.८७५ मेगासिंबल, म्हणजे ६८.७५ लाख चिन्हं; गुणिले प्रत्येकी ६ बिट, त्यातून दर २०४ बाइटमागे १६ बाइट चूक-दुरुस्तीचे वजा. उरतात सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट. माझी नऊ चॅनलं सरासरी ३.७ ची, म्हणजे ३३.३. लोकल ६. झाले ३९.३, वर तक्ते, म्हणजे यादीची पोती, आणि एन्क्रिप्शनचा (कुलपाचा) माल वेगळा. ट्रकात मावेना तेव्हा मक्सने पोती रस्त्यात टाकली, आणि टाकताना कुणाचं ते बघितलं नाही. एन्कोडर परत ३ वर आणला आणि दहाही चॅनलं क्षणात स्वच्छ. तेव्हापासून मी कधीही काठोकाठ भरत नाही, दोन-तीन मेगाबिट मोकळे ठेवतो. चॅनलचा माल एकसारखा नसतो. पळापळीच्या सीनला जास्त लागतो. जास्तच गर्दी असेल तर २५६ क्वाम लावून तेवढ्याच जागेत ५० मेगाबिट मिळतात, पण मग लाइन तेवढी स्वच्छ पाहिजे. आमच्याकडे उन्हाळ्यात ती नसते.

म्हणजे तोंडं वाढवली तर कंबाइनर सगळ्यांना सारखं अशक्त करतो, आणि ते मीटरवर दिसतं. मक्स शेवटच्या मेगाबिटपर्यंत हूं की चूं करत नाही आणि मग एकदम कोसळतो, मीटर मात्र ठणठणीत.

बसवण्यातही तोच फरक. कंबाइनरला बसवायचं काही नसतं. स्क्रू आवळा, वायरी लावा. मक्सला वर एक यू मोकळी जागा ठेवा, यूपीएसवर घ्या आणि अर्थिंग नीट करा, वळवाच्या पावसात वीज कुठं पडेल सांगता येत नाही. लॅपटॉपला मक्सच्याच मालिकेतला आयपी पत्ता द्या, ब्राउझरमधून आत शिरा, पहिल्यांदा पासवर्ड बदला. लॅनची दोन तोंडं असतात, एक कारभाराचं आणि एक मालाचं. मालाचं तोंड चुकून साध्या स्विचमध्ये खुपसू नका. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांसाठी सोडलेला, प्रवाह सगळ्या तोंडांतून बाहेर पडतो आणि बिलिंगचा कॉम्प्युटर गुदमरतो. आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मागेल त्याच तोंडाला प्रवाह द्यायची सोय, असलेला स्विच घ्या.

मग इनपुट स्कॅन करा, हवी ती चॅनलं निवडा. दोन वेगळ्या उपग्रहांवरून आलेल्या चॅनलांचे पीआयडी सारखे असू शकतात, म्हणून रीमॅप, म्हणजे नंबर बदलून द्यायची सोय, चालू ठेवा. नाहीतर एकाच मार्क्याची दोघांची पोती एका गाडीत, आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडून टाळ-मृदंग. नाव, चॅनल नंबर, सर्व्हिस आयडी भरा. नवी फ्रिक्वेन्सी वाढवली असेल तर ती एनआयटी नावाच्या, फ्रिक्वेन्सींची यादी असलेल्या तक्त्यात नोंदवा आणि तक्त्याचा आवृत्ती क्रमांक पुढे सरकवा. नाहीतर तुमच्याकडे सगळं सुरू आणि गिऱ्हाइकाच्या बॉक्सला त्याचा गंधही नाही.

फोन आला की मी आता एकच विचारतो: "काकू, एकच चॅनल गेलं का सोबतची बी?" एकच गेलं असेल तर दोष मक्सच्या आधी, म्हणजे डिश, रिसीव्हर किंवा एन्कोडर, क्वचित मक्समधला पीआयडी. एकाच फ्रिक्वेन्सीवरची आठ-दहा एकदम गेली तर मक्स, मॉड्युलेटर किंवा कंबाइनरचं ते एक तोंड. त्यात चित्र फुटतंय पण मीटर चांगलं असेल तर मक्सचा हिशेब बघायचा; मीटरच पडलं असेल तर कनेक्टर. सगळ्या गावाचं सगळं गेलं तर कंबाइनरच्या पुढचा ट्रान्समीटर. आणि शेजारच्या घरी सगळं नीट दिसत असेल, तर काकूंचं रिचार्ज संपलंय.

एक फरक भाच्याला स्वतःच्या हातून कळला. त्याने दुपारभर बसून चौदा चॅनलांचे नंबर लावले, 'अप्लाय' दाबलं, टीव्हीवर बघून खूश झाला. 'सेव्ह' दाबलंच नाही. अप्लाय केलेलं चालू आठवणीत राहतं, सेव्ह केलेलं फ्लॅशमध्ये. रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिने वीस मिनिटांत मान टाकली. पहाटे मक्स उठला तो मागच्या महिन्यातले नंबर घेऊन. कंबाइनरला काहीच झालं नाही. त्याला आठवणच नसते.

आता तो सेव्ह करतो, कॉन्फिगरेशनची फाइल लॅपटॉपवर उतरवून नावात तारीख घालतो, आणि दुपारी गावाला झोप लागली की मक्सचं बटण मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करतो. दिवे हिरवे होऊन चौदाच्या चौदा नंबर जागेवर दिसेपर्यंत खाली उतरत नाही, कितीही उकडलं तरी.